मालवणहून स्टुटगार्टला, दोन लहानग्यांना घेऊन: आजीचं न्हाणं, पेज आणि ओटीवरची संध्याकाळ

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मालवणजवळचं गाव, थोरला अडीच वर्षांचा, धाकटी सात महिन्यांची. यजमानांना स्टुटगार्टजवळ नोकरी लागली आहे, मेच्या शेवटी निघायचं आहे. आजी बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालते, सकाळी उकड्या तांदळाची पेज होते, संध्याकाळ ओटीवर जाते. त्यातलं तिकडे काय टिकेल, असं तुम्ही विचारलंत. व्हिसाबद्दल सगळेच सांगतात, म्हणून मी या रोजच्या गोष्टींवरच लिहितो. या टिकतात, पण आपोआप नाही. प्रत्येकीची आधीपासून तजवीज करावी लागते, आणि निम्मी तजवीज गावातच होते.

न्हाण्यापासून सुरुवात करू. जर्मन फ्लॅटच्या बाथरूममध्ये टब किंवा शॉवरचा कोपरा सोडला तर जमिनीला बहुधा निचराच नसतो. आपल्या मोरीसारखं पाटावर बसून पाणी ओतलंत तर ते फरशीखाली मुरतं, खालच्या घराच्या छतावर ओल उमटते आणि भरपाई भाडेकरूच्या गळ्यात पडते. म्हणून घर पाहताना टब आहे का, हे आधी बघा. रिकाम्या टबात रबरी मॅट घाला, तिच्यावर टॉवेलची घडी ठेवून बसा, पाठ उतरत्या बाजूला टेका आणि पाय लांब करा. बाळ नडग्यांवर अगदी आजी घेते तसंच बसतं. बादली आणि मग टबात उजव्या हाताशी ठेवा. नळाखाली थेट कधीच धरू नका, कारण मिक्सरला, म्हणजे गरम-गार पाण्याच्या एकाच दांडीच्या नळाला, नुसता धक्का लागला तरी पाणी एकदम कढत येतं. बादलीत आधी गार, मग गरम असं मिसळा आणि कोपर बुडवून बघा. थर्मामीटर असेल तर ३७ अंश. थोरल्याला टबाबाहेर सुक्या पायपुसण्यावर उभं करून त्याच्या हातात एक छोटा मग द्या, बहिणीच्या पायांवर पाणी घालणं हे त्याचं काम. टॉवेल, कपडे, तेल सगळं हाताच्या अंतरावर मांडूनच बसा, कारण एकदा बाळ पायांवर घेतलं की उठता येत नाही.

खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि घर हिवाळ्यात २०-२१ अंशांवर असतं. बाटली कडक झाली म्हणजे तेल खराब झालं असं नाही. पण अरुंद तोंडाच्या बाटलीतून ते निघत नाही, म्हणून रुंद तोंडाच्या बरणीत ठेवा आणि मालिशच्या आधी पाच मिनिटं गरम पाण्याच्या भांड्यात उभी करा. हिवाळ्यात हीटरमुळे हवा कोरडी होते आणि बऱ्याच भागांत पाणी जड असतं. मालिश रोज करा, पण डोक्यापासून न्हाणं आठवड्यातून दोन-तीनदाच. रोज साबण लावलात तर महिनाभरात पोटऱ्यांवर आणि गालांवर खरखरीत चट्टे दिसू लागतात.

धुरी मात्र इथेच थांबवा. झोपायच्या खोल्या, मुलांच्या खोल्या आणि त्यांच्यापासून बाहेर नेणारा पॅसेज, इथे धूरसूचक यंत्र लावणं जर्मनीत कायद्याने सक्तीचं आहे. वावडिंग-ओव्याचा धूर झाला की ते कर्कश वाजतं आणि बाळ दचकून रडतं ते वेगळंच. तसाही तो धूर तान्ह्या छातीला बरा नाही. न्हाऊन आलेल्या बाळाला ऊब हवी असते, ती हीटरवर तापवलेल्या सुती टॉवेलने मिळते. काजळ, बाळगुटी आणि वर्षाच्या आतला मध हेही सोडून द्या. आजीला वाईट वाटेल, पण काजळात आणि गुटीत कधी कधी शिसं सापडतं आणि मधाने तान्ह्या बाळाला बोटुलिझम, म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा, होऊ शकतो, हे तिला नीट समजावून सांगितलं तर ती ऐकते.

झोळीचंही तसंच. भाड्याच्या घरात छताला हूक मारण्याआधी मालकाला विचारून घ्यावं. नऊ-दहा महिन्यांचं बाळ झोळीत उठून बसायलाही लागतं, तेव्हा ती तशीही सुटायचीच. तिकडे बाळाला उताणं, सपाट गादीवर, बिनउशीचं, हातांना भोकं असलेल्या झोपपिशवीत झोपवतात आणि खोली १६ ते १८ अंशांवर ठेवतात. आपल्याला ती थंड वाटते, पण मानेमागे हात घालून बघा. तिथे कोमट आणि कोरडं लागलं की झालं, हाताचे तळवे गार असले तरी चालतं. गोधडी जरूर न्या, पण जमिनीवर खेळायला अंथरण्यासाठी. वर्षाच्या आत अंगावर घालू नका, कारण लाथा मारून ती तोंडावर येते. अंगाई बदलायचं कारण नाही.

आता पेज. उकडा तांदूळ गावाहून वाहून नेऊ नका. भारतीय दुकानात केरळचा मट्टा तांदूळ मिळतो, तोही लाल आणि उकडाच असतो, पेज जवळपास आपल्यासारखीच होते. दोन मोठे चमचे तांदूळ चार तास भिजवा, तीन कप पाणी घाला आणि मऊ होऊन दाणा फुटेपर्यंत शिजवा. बाळाची घोटून, बिनमिठाची, वर तुपाचे दोन थेंब. थोरल्याच्या वाटीत मिठाची कणी. तिथली काचेची शेगडी बंद केली तरी बराच वेळ तापलेली राहते, म्हणून आच कमी केली तरी पेज उतू जातेच. भांडं उचलून बाजूला ठेवायची सवय लावून घ्या, आणि त्या गरम काचेपासून थोरल्याला लांब ठेवा. इंडक्शन असेल तर घरचा ॲल्युमिनियमचा कुकर चालणार नाही. तळाला चुंबक चिकटला तरच भांडं न्या.

आजीचं कढवलेलं तूप विमानतळावर काढून घेतील. युरोपियन युनियनबाहेरून दूध-दुधाचे पदार्थ आणि मांस प्रवाशाला नेता येत नाही. सीलबंद बाळदूध आणि बाळाचं खाणं २ किलोपर्यंत चालतं, फक्त ते फ्रिजशिवाय टिकणारं असावं. तूप तिकडेच कढवा. बिनमिठाचं लोणी २५० ग्रॅमच्या वड्यांत मिळतं, मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटांत सुमारे २०० ग्रॅम तूप निघतं. पाकिटावर ‘झाउअरराम’ (Sauerrahm) लिहिलेलं लोणी घ्या. ते विरजलेल्या सायीचं असतं, त्यामुळे तुपाला घरचा वास येतो.

आंबे नेता येत नाहीत, वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. नारळ मात्र त्यातून वगळला आहे, तो चालतो. आणि मालवणच्या माणसाला आनंद वाटेल अशी गोष्ट: सुकट, बोंबील, सोडे धरून मासळी माणशी २० किलोपर्यंत नेता येते. तीन थर पिशव्यांत बांधा, नाहीतर कपड्यांना वास लागतो. सुकी मासळी खारट असते, ती तुमच्यासाठी. मुलांना ताजी किंवा गोठवलेली, काटे काढलेली द्या. तिथला बांगडा बहुतेक धुरावलेला आणि मिठाचा असतो, तो लहानांना नको.

नाचणीचं सत्त्व गावातच करून न्या, आणि मृग लागायच्या आत. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात मोड आणा, वाटा, मलमलच्या कापडातून गाळा. गाळलेलं पाणी पाच-सहा तास हलवू नका. वरचं पाणी ओता आणि तळाचा साका ताटात पातळ पसरून कडकडीत उन्हात दोन दिवस वाळवा. बोटात चुरल्यावर पिठासारखं सुटलं तरच डब्यात भरा. किंचित दमट राहिलं तर पंधरा दिवसांत बुरशी धरते. एक कप पाण्याला दोन चहाचे चमचे पुरतात.

लसीकरणात एकच गोष्ट चुकवू नका. धाकटीला नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेलाचा पहिला डोस गावातच द्या. किटामध्ये, म्हणजे पाळणाघरात, वर्षावरच्या मुलाला गोवराचा एक आणि दोन वर्षांवरच्याला दोन डोस झाल्याचा पुरावा लागतो. १ मार्च २०२० पासून तसा कायदाच आहे. थोरल्याचे दोन्ही डोस कार्डावर तारखेसकट नीट वाचता येतात ना, ते बघा. कार्ड मराठीत किंवा अस्पष्ट असेल तर आरोग्य केंद्रातून इंग्रजीत लिहून सही-शिक्का घ्या. आपल्या सरकारी लसीत गालगुंडाचा भाग नसतो, तिथले बालरोगतज्ज्ञ तो पुढे देतात. तुम्ही बाळाला कोवळ्या उन्हात धरता, तेही तिकडे पुरत नाही. त्या अक्षांशावर ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका खाली असतो की त्वचेत ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. म्हणून जन्मानंतरचा दुसरा उन्हाळा येईपर्यंत रोज ४०० ते ५०० युनिट देतात.

मेअखेरीस जाताय हे फार चांगलं. नोव्हेंबरात जाणारे साडेचारच्या अंधारात अडकतात आणि पहिले चार महिने मुलं घराबाहेरच पडत नाहीत. पण जूनला दुसरी अडचण असते. मालवणात जून-डिसेंबरच्या सूर्यास्तात तासाभराचाच फरक, म्हणून आपली दिवेलागण सूर्यावर चालते. स्टुटगार्टला जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. मुलं झोपतच नाहीत, आणि आईबाप ‘जागा बदलली ना’ म्हणत राहतात. दिवेलागण घड्याळावर आणा. साडेसहाला खिडकीची पडदी खाली, छोटी समई, शुभं करोति, मग जेवण, आणि आठला दिवा बंद. दोनेक आठवड्यांत सूर लागतो. सुरुवातीला बाळ पहाटे तीनला उठेल, कारण तेव्हा गावात साडेसहा वाजलेले असतात. दिवा न लावता, न बोलता पाजा आणि झोपण्याची वेळ रोज अर्ध्या तासाने पुढे सरकवा.

ओटीची जागा तिथलं श्पीलप्लाट्स घेतं, म्हणजे खेळाचं मैदान. जवळजवळ प्रत्येक वस्तीत एखादं असतंच आणि बहुतेकांत वाळू असते. समुद्रकाठच्या मुलाला वाळू शिकवावी लागत नाही. रोज त्याच वेळी त्याच मैदानात जा. वेगवेगळी मैदानं फिरलात तर ओळखी होत नाहीत, एकाच ठिकाणी महिनाभर गेलात की तीच चार मुलं आणि त्यांचे आईबाप भेटू लागतात. पाऊस आपल्याला नवा नाही, पण तिथला गार असतो. रबरी चिखलपँट आणि गमबूट घेतले की थोरला डबक्यात हवा तेवढा नाचेल.

पैशाचं पटकन सांगतो. किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, २०२५ मध्ये मुलामागे महिना २५५ युरो होतं, २०२६ पासून २५९ आहे. मागचे सहाच महिने मिळतात, म्हणून पत्ता नोंदवल्यावर लगेच अर्ज करा. एल्टर्नगेल्ड म्हणजे लहान बाळाच्या आईबापांचा भत्ता. तो साध्या (बाझिस) प्रकारात बाळाच्या चौदाव्या महिन्यापर्यंतच घेता येतो आणि मागचे तीनच महिने देतात. तुमचा तिथे राहण्याचा परवाना त्यात बसत असेल तर नोकरी नसलेल्या आईलाही किमान ३०० युरो मिळतात. धाकटी तिथे पोहोचेपर्यंत दहा महिन्यांची होईल, म्हणजे तुमच्या हातात जेमतेम चार महिने उरतील, म्हणून पहिल्याच आठवड्यात हा अर्ज हातात घ्या.

किटा वर्षावरच्या मुलाचा हक्क आहे, २०१३ पासून, पण जागा कमी असतात, म्हणून नाव लगेच नोंदवा. जागा मिळाल्यावर घाई करू नका. पहिले तीन दिवस तुम्ही थोरल्यासोबत वर्गातच बसता. चौथ्या दिवशी निरोप घेऊन बाहेर जायचं, तेही फार तर अर्धा तास, आणि तो सावरला नाही तर आधीच परत यायचं. सगळ्याला दोन ते चार आठवडे धरा. त्या काळात नवी नोकरी सुरू करू नका, आणि न सांगता कधी सटकू नका, नाहीतर मूल पुढचे कित्येक दिवस दारच सोडत नाही. बाईंना रोमन लिपीत सहा शब्द लिहून द्या: पाणी, भूक, शू, दुखतंय, झोप, आई. सोबत आजीच्या जुन्या लुगड्याचं हातभर दुपटं द्या. निघण्यापूर्वी ते धुऊ नका, त्यात आजीचा वास राहू दे. दुसरा तुकडा घरी ठेवा, कारण हे हरवतातच. घरात मालवणीतच बोला. जर्मन किटातून येतं, मालवणी दुसरीकडून कुठूनच येणार नाही.

आजीशी व्हिडिओ कॉल सकाळच्या न्याहारीला ठेवा. तिथे आठ वाजता गावात उन्हाळ्यात साडेअकरा, हिवाळ्यात साडेबारा. संध्याकाळी सहाला केलात तर गावात साडेनऊ-साडेदहा होतात आणि आजोबा पेंगत असतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथलं घड्याळ बदलतं, ते आजीच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, नाहीतर ती तासभर फोन धरून बसते. मुलांना फोनसमोर बसवू नका. फोन टेबलावर उभा करा आणि त्यांना पेज खाऊ द्या, आजीला तेच बघायचं असतं.

पावसात गावची वीज आणि रेंज दोन्ही जातात. म्हणून निघण्याआधी आजीचा आवाज साठवा: न्हाऊ घालताना म्हणते ती गाणी, अंगाई, काऊ-चिऊची गोष्ट, मुलांना नावाने मारलेली हाक. पंखा बंद, फोन विमान मोडवर आणि वीतभर अंतरावर, एका वेळी दोन-तीन मिनिटं. कागद वाचून म्हणायला लावू नका, बाळ पायांवर असतानाच घ्या. पाण्याचा आवाज आला तर येऊ दे.