रिपोर्टवरचा ‘नॉर्मल’ आणि पोटाचा घेर

तू मला काकू म्हटलंस, म्हणून एकेरीतच लिहिते. आधी तुझी माहिती थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ३६, उंची १७१ सेंटिमीटर, वजन ६७ किलो, हिंजवडीत दिवसभर बसून काम. कंपनीच्या तपासणीत बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २२.९ आला आणि पुढे हिरव्या अक्षरात ‘नॉर्मल’. त्याच रिपोर्टात खाली एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, ६.० आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी, २१०. तुझ्या बायकोची उंची १५६, वजन ६१, म्हणजे बीएमआय २५.१, आणि तिच्या नावापुढे लाल अक्षरात ‘लठ्ठ’. ती दर रविवारी सिंहगड चढते आणि तिच्या रक्ताचे सगळे आकडे चोख आहेत. तुला मात्र पर्वतीच्या पायऱ्यांवर दोनदा थांबावं लागतं. आणि तुझा प्रश्न असा, की बीएमआय खरा मानायचा की एका व्हिडिओत सांगितलंय तसा बोगस म्हणून सोडून द्यायचा?

सोडून देऊ नकोस. पण तुमच्या घरात त्या एका आकड्याने दोघांचीही दिशाभूल केली आहे, आणि त्यात तुझी दिशाभूल जास्त घातक आहे. लाल शेरा मिळालेला माणूस निदान घाबरून डॉक्टरकडे तरी जातो. हिरवा शेरा मिळालेला रिपोर्टची घडी घालून कपाटात ठेवून देतो.

हे मी इतक्या खात्रीने का म्हणते, ते सांगते. पेठेतल्या एका लॅबमध्ये मी २६ वर्षं तंत्रज्ञ होते. रोज सकाळी सहापासून उपाशीपोटी आलेल्या लोकांची रांग लागायची. नाव विचारायचं, दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, रक्त घ्यायचं. कोणाची साखर वाढलेली निघेल, असा माणसाकडे बघून माझा अंदाज असायचा आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं तो सारखा चुकायचा. गुबगुबीत, हसतमुख बाईचा रिपोर्ट स्वच्छ यायचा. बारीक हातापायांचा, खांदे पडलेला, शर्टाच्या खालच्या दोन बटणांपाशी जरासं पोट दिसणारा माणूस असला, की त्याची जेवणानंतरची साखर २५० च्या वर.

आमच्या घरातही तेच झालं. २००३ साली हे ४४ वर्षांचे होते. उंची १६८, वजन ५८. हिशेब केलास तर बीएमआय साडेवीस. नातेवाईक म्हणायचे, काय रे, बायको जेवायला घालत नाही का? कंपनीच्या वार्षिक तपासणीत सलग तीन वर्षं ‘वजन योग्य’ असं लिहून आलं होतं. वजन योग्य म्हणून साखर तपासलीच नव्हती. मग चपलेने पायाला फोड आला आणि तो सहा आठवडे भरेना. तेव्हा मी त्यांना हाताला धरून लॅबमध्ये नेलं. उपाशीपोटी १९८, जेवणानंतर ३०० च्या पुढे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडदा बघितला आणि म्हणाले, ही साखर आजची नाही, काही वर्षांची आहे. मी रोज शंभर लोकांचं रक्त तपासत होते आणि घरात रोज समोर जेवायला बसणाऱ्या माणसाचं तपासलं नव्हतं, कारण ते बारीक होते. ही गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही. म्हणूनच तुझा प्रश्न वाचल्याबरोबर लिहायला बसले.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटंसं टिपण आलं. आपल्या रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी ते लिहिलं होतं, आणि विषय ते स्वतःच होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शेजारी शेजारी उभे राहिले तर दोघेही सडसडीत. पण यंत्राने शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून याला ‘वाय-वाय पॅरॅडॉक्स’ म्हणतात. युडकिन मॅरेथॉन धावायचे, तेव्हा काही फरक राहणीमानाचाही असणार, हे त्यांनी तिथेच मोकळेपणाने सांगितलं आहे. पण नुसत्या व्यायामावर ही गोष्ट संपत नाही.

याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास करत होते. तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच बाबतीत तेवढ्या प्रमाणात लहान असतील असं वाटावं. पण तसं नव्हतं. त्यांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, आणि पाठीवरची कातडीची घडी मोजली तर तिथली चरबी मात्र जवळजवळ इंग्लिश बाळांइतकी टिकून होती. किडकिडीत दिसणारं, पण आतून चरबीचं प्रमाण जास्त असलेलं बाळ. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांची ही घडण ऑफिसातल्या खुर्चीत बसण्याच्या कितीतरी आधी, आईच्या पोटातच सुरू झालेली असते. तुझ्या आईला तुझं जन्माचं वजन विचार. अडीच किलोच्या आसपास असेल, तर तुला इतरांपेक्षा जास्त जपायला हवं.

आता हा बीएमआय आला कुठून? ब्रसेल्सचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ ॲडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात हे सूत्र मांडलं. त्यांना ‘सरासरी माणूस’ शोधायचा होता. त्यांच्या लक्षात आलं, की प्रौढ माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. कोणाची तब्येत ठरवण्याचा त्यांचा हेतूच नव्हता. पुढे १९७२ साली अमेरिकेतले ॲन्सेल कीज यांनी सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांवर हे सूत्र तपासलं आणि त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव दिलं. त्या अभ्यासात बायका नव्हत्याच. कीज यांच्या दृष्टीनेही ते समूहांची तुलना करायचं साधन होतं. एका गावाची दुसऱ्या गावाशी तुलना करायची तर ते उत्तम आहे, फुकट आहे, वजनकाटा आणि भिंतीवरची पट्टी एवढ्यावर काम होतं. पण वजनात हाडं किती, स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी कुठे, यातलं काहीच त्याला कळत नाही.

आणि खरा प्रश्न ‘कुठे’ हाच आहे. मांड्यांवर, कुल्ल्यांवर, कातडीखाली साठलेली चरबी त्या मानाने शांत बसते. कातडीखालची जागा पुरेनाशी झाली, की चरबी यकृतात, स्वादुपिंडात आणि आतड्यांच्या भोवती साठायला लागते. मग इन्सुलिनचं काम बिघडतं आणि ट्रायग्लिसराइड्स वाढतात. आपल्याकडे ही जागा लवकर संपते, म्हणून वजन फारसं न वाढताही त्रास सुरू होतो. त्यात स्नायू कमी. जेवणानंतर रक्तात आलेली साखर ओढून घेण्याचं मोठं काम स्नायू करतात, आणि तेच मुळात थोडे असले तर साखर जाणार कुठे?

हे सगळं लक्षात घेऊनच भारतीयांसाठी मर्यादा खाली आणल्या आहेत. जगभर २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात, तर आपल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ आणि २५ या रेषा ठरवल्या. तुमच्या लॅबने याच रेषा वापरलेल्या दिसतात. त्यामुळे बरेच लोक वेळेवर जाळ्यात येतात, हे चांगलंच झालं. पण रेषा कितीही खाली आणली तरी काही माणसं तिच्या खालून निसटतातच. तू एका दशांशाने निसटला आहेस.

म्हणून टेप लाव. तू लिहिलंस की पँट ३४ ची आहे, म्हणजे ८६ सेंटिमीटर, म्हणजे ९० च्या आत. हा हिशेब लॅबमध्ये येणारे शंभरातले ऐंशी पुरुष मला ऐकवायचे. पँट पोटाच्या खाली नेसतात रे. पोट वाढतं आणि पट्टा खाली सरकतो, पँटचा नंबर दहा वर्षं तोच राहतो. सकाळी उपाशीपोटी शर्ट काढून उभा राहा. सगळ्यात खालची बरगडी हाताने चाचप, मग कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा चाचप, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये शिवणकामाची टेप आडवी सरळ धर. पोट आत ओढायचं नाही. नेहमीसारखा श्वास सोडून झाला की आकडा वाच. आपल्याकडे पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० ही हद्द आहे. त्याहून सोपा नियम असा, की पोटाचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा. तुझ्यासाठी साडेपंच्याऐंशी.

बायकोचा घेर तू ७७ लिहिला आहेस. तिच्या उंचीचं निम्मं ७८, आणि ८० च्याही ती आतच आहे. रक्त चांगलं, दम चांगला. २०२५ च्या सुरुवातीला लठ्ठपणाच्या व्याख्येवर जगभरातल्या तज्ज्ञांच्या गटाने जो अहवाल दिला, त्यातही हेच म्हटलंय. नुसत्या बीएमआयवर कोणाला लठ्ठ ठरवू नका, घेर किंवा प्रत्यक्ष चरबी मोजून खात्री करा, आणि अवयवांच्या कामावर परिणाम झालाय का ते वेगळं बघा. तिला ‘लठ्ठ’ हा शब्द लागला असेल तर तो तिने मनावर घेऊ नये. जेवण तर मुळीच तोडू नये. वर्षातून एकदा घेर आणि रक्त बघावं, बस. तालमीतल्या पोरांचंही असंच असतं, कुस्ती खेळणाऱ्याचा बीएमआय २८-२९ सहज येतो आणि तो सगळा मांड्या-खांद्यांचा असतो. तालीम सुटते आणि खुराक तोच राहतो तेव्हा मात्र त्याच २९ चा अर्थ पाच वर्षांत बदलतो, काट्यावर काहीही न दिसता. म्हाताऱ्या माणसांत तर नेहमीच हे होतं. स्नायू झिजतात, त्यांची जागा चरबी घेते, वजन तेवढंच. मुलांना मोठ्यांच्या रेषा लावायच्याच नसतात, त्यांचे वयाप्रमाणे तक्ते वेगळे असतात.

तो व्हिडिओवाला मात्र चुकतोय. बीएमआय ३२-३५ असलेल्या माणसाला ‘हा आकडा बोगस आहे’ म्हणणं म्हणजे त्याच्या गुडघ्यांचा, झोपेतल्या श्वासाचा आणि रक्तदाबाचा विश्वासघात करणं आहे. त्या पातळीवर आकडा सहसा खोटं बोलत नाही. आणि १८.५ च्या खालीही तो महत्त्वाचा आहे. बारीक राहण्याच्या नादात मुली अर्धपोटी राहतात, पाळी अनियमित होते, त्यांना वेळीच थांबवायला हाच आकडा उपयोगी पडतो. गोंधळ होतो तो मधल्या पट्ट्यात, साधारण २० ते २८ मध्ये, आणि आपण बहुतेक सगळे त्याच पट्ट्यात आहोत.

आता तुझ्याबद्दल. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. ट्रायग्लिसराइड्स १५० च्या आत हवीत. या आठवड्यात डॉक्टरांकडे जा, रिपोर्ट दाखव, रक्तदाब आणि यकृताच्या तपासणीबद्दल विचार. वडिलांना किंवा आईला मधुमेह असेल तर तेही सांग.

‘माझं वजन तर नॉर्मल आहे, मग कमी कशाला करायचं’ असं तू म्हणशील. इंग्लंडमधल्या न्यूकासलचे मधुमेहतज्ज्ञ रॉय टेलर यांनी अशाच लोकांवर अभ्यास केला होता. टाइप २ मधुमेह, पण बीएमआय २७ च्या आत, असे २० जण. त्यांनी टप्प्याटप्प्याने वजन उतरवलं आणि त्यातल्या १४ जणांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली. यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबीही उतरली. तुला अजून मधुमेह झालेलाही नाही. तीन-चार किलो उतरले आणि ते पोटावरून उतरले, तर फार मोठा फरक पडेल. पण नुसतं उपाशी राहून उतरवू नकोस, त्यात आधीच कमी असलेले स्नायू जातात. आठवड्यातून तीन दिवस ताकदीचा व्यायाम कर. बैठका, जोर, किंवा जिममध्ये कोणाच्या तरी देखरेखीखाली वजनं. रात्री जेवून लगेच लॅपटॉप उघडण्याआधी पंधरा मिनिटं चाल. ताटात उसळ, डाळ, दही, अंडी खात असशील तर अंडी, हे आधी वाढून घे आणि पोळी-भात त्यानंतर. चार वाजताच्या चहाबरोबरची खारी-बिस्किटं मात्र बंद. माझ्या अनुभवात ट्रायग्लिसराइड्सवर सगळ्यात लवकर परिणाम दिसतो तो याचाच.

आमचे हे आता ६६ वर्षांचे आहेत. डाव्या डोळ्याला लेसर करावं लागलं, पायांची रोज रात्री तपासणी असते, पण साखर ताब्यात आहे आणि सकाळी तळजाईच्या टेकडीवर माझ्या पुढे चालतात. तीन वर्षं आधी कळलं असतं तर डोळा वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले होते. तुला आधी कळलं आहे.

उद्या सकाळी टेप लावून घेर मोज आणि आकडा इथेच लिही. मग तीन महिन्यांनी, एचबीए१सी पुन्हा करशील तेव्हा, दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून बघू.