मुलीला मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसजवळ हॉस्टेल मिळालंय. लॅपटॉप कॅम्पसच्या नेटवर्कसाठी आधीच कसा तयार ठेवू?

विंडोजचे सगळे अपडेट घरच्या वायफायवरच उतरवून घ्या. सत्राच्या सुरुवातीला सगळेच नेटवर्कवर तुटून पडतात, तिथे मोठा अपडेट रखडतो. विंडोज १० असेल तर ११ वर जा. १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय.

बऱ्याच कॅम्पसवर लॅपटॉपचा मॅक अॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवर त्याला ओळखण्याचा कायमचा पत्ता, नोंदवावा लागतो, आणि खरी गोची इथेच होते. वायफाय सेटिंग्जमध्ये 'रँडम हार्डवेअर अॅड्रेस' चालू असेल, तर लॅपटॉप खरा पत्ता लपवून भलताच दाखवतो. मग नोंदणी करूनही नेट मिळत नाही. कॅम्पसच्या नेटवर्कपुरतं ते बंद ठेवा. ते बंद असताना खरा पत्ता कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'ipconfig /all' दिल्यावर 'फिजिकल अॅड्रेस'पुढे दिसतो: दोन-दोन अक्षर-अंकांच्या सहा जोड्या. वायफायचा आणि इथरनेटचा (केबलच्या जोडणीचा) पत्ता वेगळा असतो, दोन्ही मुलीला लिहून द्या.

नेटवर्क जोडताना 'पब्लिक' निवडायला सांगा, म्हणजे शेजारच्या खोलीतल्यांना तिच्या फाइली दिसणार नाहीत. क्रॅक केलेली सॉफ्टवेअर असतील तर आत्ताच काढून टाका, व्हायरस बहुतेकदा तिथूनच शिरतो.

लॅपटॉपला लॅनचं (नेटवर्क केबलचं) सॉकेट नसेल तर लॅमिंग्टन रोडवरून यूएसबी-लॅन अडॅप्टर घेऊन ठेवा.