ज्याचं सुतक लागत नाही

“मॅडम, माझ्या घरचं कुणी गेलेलं नाही. तरी मला दहा-बारा दिवस झोप नाही.”

काकांनी खुर्चीवर टेकायच्या आधीच हे सांगून टाकलं. वय एकसष्ट, राहायला पुण्यात सहकारनगर, बँकेतून निवृत्त. काकू शेजारी बसल्या होत्या. “ते पेपरात क्रिकेटवर लिहायचे ना, ते गेल्यापासून ह्यांचं हे असं चाललंय,” त्या म्हणाल्या. “वीस वर्षं ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्याच्यासाठी हे जेवत नाहीत. मला तर काही समजेनासंच झालंय.”

मी समुपदेशक आहे आणि काकांच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहावंसं वाटलं, कारण हीच घालमेल मी बऱ्याच जणांकडून ऐकली आहे. ज्याचा राग राग केला तो माणूस अचानक जातो. क्षणभर सुटल्यासारखं वाटतं, आणि मग त्या सुटकेचीच शरम वाटायला लागते. मी वाईट माणूस आहे का, असं लोक विचारतात, तेही आवाज खाली करून. कधी तो गेलेला माणूस पुढारी असतो, कधी जुना साहेब, कधी सासरा. काकांच्या बाबतीत तो दर मंगळवारी क्रिकेटवर सदर लिहिणारा एक पत्रकार होता.

त्या सदराने पुण्यातल्या क्रिकेटवेड्यांचे सरळ दोन तट पाडले होते. काहींना वाटायचं, हा एकटाच खरं बोलतो. बाकीच्यांना वाटायचं, याला आपल्या संघाचं चांगलं बघवतच नाही. २०१७च्या फेब्रुवारीत पुण्याजवळच्या गहुंज्याच्या स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाने आपल्याला तीन दिवसांत ३३३ धावांनी हरवलं, तेव्हा सगळं गाव खेळपट्टीला शिव्या घालत होतं. याने लिहिलं की खेळपट्टी दोघांना सारखीच होती, फिरकी खेळायला आपणच विसरलोय. काकांनी त्यावर संपादकांना चार पानी पत्र पाठवलं होतं.

काकांचा एक कट्टा आहे. रोज पहाटे पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढायच्या, खाली येऊन टपरीवर चहा घ्यायचा आणि घरी जायचं. मंगळवारी मात्र तो चहा दीड तास चालायचा. एकजण सदर मोठ्याने वाचणार, बाकीचे मध्येच तुटून पडणार.

एका बुधवारी सकाळी टपरीवरच बातमी आली. रात्री झोपेत हृदयविकाराचा झटका, वय सत्तावन्न. क्षणभर कुणी बोललं नाही. मग एकजण म्हणाला, “चला, मंगळवार सुटला.” सगळे हसले. सर्वांत मोठ्याने काका हसले. “आजचा चहा माझ्याकडून,” असंही म्हणाले आणि त्यांनी पैसे दिले.

“ते सत्तर रुपये मला अजून टोचतायत मॅडम,” ते म्हणाले आणि गप्प झाले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. घरच्या गॅलरीत, बनियनवर, कुंडीतल्या तुळशीला पाणी घालणारा एक साधा माणूस. काकांनी त्यांना इतक्या वर्षांत सदरावरच्या एका छोट्या चौकोनातच पाहिलं होतं. तो बनियन बघून पोटात खड्डा पडला, असं ते म्हणाले. कट्ट्यावर त्या दिवशी भांडण जुंपलं. कालपर्यंत नावं ठेवणाऱ्या एकाने गळा काढून श्रद्धांजली वाहिली. दुसरा उसळला, “काल हसत होतास, आज टाळ कुटतोस?” तिसऱ्याचं म्हणणं, मेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये. चौथा म्हणाला, मेला म्हणून लिहिलेलं चुकीचं बरोबर होतं का? काकांना त्यातला प्रत्येकजण बरोबर वाटत होता. त्या दिवसापासून त्यांनी पर्वती बंद केली.

पहिल्या भेटीत माझ्याकडून एक चूक झाली. मी त्यांच्या आयुष्यातलं दुसरं दुःख शोधत बसले. तीन वर्षांपूर्वी त्यांचे थोरले भाऊ गेले होते, वर्षापूर्वी नोकरी संपली होती. मला वाटलं, खरं दुःख तिथे असेल, हा पत्रकार नुसतं निमित्त. काकांनी मला शांतपणे थांबवलं. “भावासाठी मी रडलोय मॅडम. तेरा दिवस सगळं यथासांग केलं. अजूनही आठवण येते, पण ती अशी टोचत नाही. हे त्याचं नाही.”

आणि ते खरं होतं. कट्टा एका परीने त्यांचं दुःख नाकारत होता, काकू काळजीपोटी नाकारत होत्या, आणि मी शास्त्राच्या नावाखाली तेच करत होते. तुम्हाला ज्याचं दुःख होतंय असं वाटतंय त्याचं ते नाहीच, हे कुणालाही सांगणं फार कठोर आहे. तेव्हापासून मी जपून असते.

आपल्याकडे कुणी गेलं की दुःखाला एक चौकट असते. सुतक लागतं, लोक भेटायला येतात, पिठलं-भात पाठवतात, दहावा-तेरावा होतो. आपण दुःखात आहोत हे चार माणसं मान्य करतात. पण सुतक लागायला नातं लागतं. ज्याच्याशी नातं नाही, मैत्री नाही, उलट वैरच, त्याचं काय करायचं? अमेरिकेतले शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली अशा दुःखाचा स्वतंत्र विचार मांडला. समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही, ते दुःख. ते उघडपणे करता येत नाही म्हणून ते लवकर सरतही नाही. मी काकांना एवढंच म्हटलं, “हे सुतक न लागणारं दुःख आहे.” ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “असं असतं होय?”

“पण आमची ओळख कुठे होती?” हा त्यांचा पुढचा प्रश्न. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ साली रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जडतं त्यावर लिहिलं होतं. आपण त्यांना ओळखतो, ते आपल्याला ओळखत नाहीत, तरी घरातलं माणूस वाटावं इतकी सवय होते. छापील सदरालाही हे लागू पडतं, आणि ते नातं प्रेमाचंच असलं पाहिजे असं नाही. वीस वर्षं दर मंगळवारी ज्याच्याशी मनातल्या मनात वाद घातला, त्याने आपल्या आठवड्यात एक जागा धरलेली असते.

चाहत्यांच्या बाबतीत अजून एक गोष्ट मला जाणवते. आपला संघ हरला की आतून जे जळतं ते काढायचं कुठे? खेळाडूंवर काढवत नाही, कारण ते आपले. मग ते अशा माणसावर निघतं. हरल्यानंतरच्या मंगळवारी त्याने लिहावं आणि आपण त्याच्यावर तुटून पडावं. त्याला ठाऊक असो वा नसो, तो काकांचं निम्मं ओझं उचलत होता.

दुसऱ्या भेटीला काका एक फाईल घेऊन आले. जाड, दोरी बांधलेली. त्यात वीस वर्षांची कात्रणं होती, तारीखवार, बँकेतल्या माणसाने लावावीत तशी. लाल पेनाने खाली रेघा, बाजूला प्रश्नचिन्हं, ‘साफ चूक’, ‘आकडा तपासा’. मी विचारलं, कशासाठी ठेवलीत? “कधीतरी समोरासमोर गाठ पडली तर दाखवायला.”

मी म्हटलं, सर्वांत जास्त राग ज्याचा आला ते वाचून दाखवा. काकांनी २०१७चंच काढलं. तीन ओळी वाचल्या आणि वाचता वाचता वाद घालायला लागले. “अहो, पण नाणेफेक कुणी जिंकली होती ते बघा ना!” ते माझ्याकडे बघून बोलत नव्हते. पाच-सात मिनिटं हे चाललं. मग त्यांनी पुढचं कात्रण काढलं, २०२४च्या ऑक्टोबरचं. त्याच गहुंज्यावर न्यूझीलंडने आपल्याला ११३ धावांनी हरवलं, सँटनरने १३ बळी घेतले आणि मायदेशात सलग १८ मालिका जिंकण्याची आपली साखळी तुटली, तेव्हाचं. त्या कात्रणावर लाल रेघ एकही नव्हती. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘बरोबर होता’.

“हे त्याला कळवायचं राहिलं,” काका म्हणाले आणि रडायला लागले. काकू उठत होत्या, मी त्यांना हातानेच बसा म्हटलं.

त्यानंतर ते मूळ भीतीपर्यंत आले. २०२३च्या १९ नोव्हेंबरला अहमदाबादला आपण विश्वचषकाचा अंतिम सामना हरलो. त्या आठवड्यात सदरकारांनी लिहिलं, जो चांगला खेळला तो जिंकला, रडणं थांबवा. ते वाचून काका भर घरात ओरडले होते, “मरत का नाही हा एकदाचा!” त्यांची आई लहानपणी सांगायची, तिन्हीसांजेला वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते. “माझी जीभ काळी आहे का हो?” पस्तीस वर्षं हिशेब तपासलेला माणूस हे विचारत होता, आणि अगदी मनापासून विचारत होता.

मी हसले नाही. दुःखात मनातला विचार आणि हातून घडलेली कृती यांतला फरक पुसला जातो. ज्याच्याबद्दल मनात राग आणि ओढ दोन्ही असतात त्याच्या जाण्यानंतर माणूस स्वतःलाच दोष देतो, हे मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१७ सालीच लिहून ठेवलं आहे. मी काकांना हृदयाबद्दलही सरळ सांगितलं. रक्तवाहिन्यांत चरबी साचायला वर्षानुवर्षं जातात. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, घराण्यातला इतिहास, अशी त्याची कारणं असतात. सहकारनगरच्या बैठकीच्या खोलीत उच्चारलेलं वाक्य त्यांत येत नाही. ते वाक्य वाईट होतं का? होतं. त्याने कुणी गेलं का? नाही. या दोन उत्तरांची सरमिसळ होऊ द्यायची नाही, एवढंच आमचं त्या दिवशीचं काम होतं.

हसण्याचं काय, असं त्यांनी विचारलं. अचानक मृत्यूची बातमी ऐकून हसू फुटणं हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. धक्का बसला की अंग काहीतरी करून ताण सोडतं. शिवाय थोडी खरी सुटकाही त्यात होती, ती नाकारून चालणार नाही. दर आठवड्याला डिवचणारं माणूस थांबलं तर बरं वाटणारच. सुटका वाटली म्हणून दुःख खोटं ठरत नाही. ‘मरणान्तानि वैराणि’ हे राम बिभीषणाला सांगतो ते रावणाचे अंत्यसंस्कार व्हावेत म्हणून. वैर कधी नव्हतंच असं दाखवा, असं तो म्हणत नाही.

काकांना त्या घरी जाऊन माफी मागायची होती. पत्ताही काढला होता. मी नको म्हटलं, आणि या बाबतीत मी ठाम असते. नवरा जाऊन पंधरा दिवस झालेल्या बाईसमोर एक अनोळखी गृहस्थ उभे राहून म्हणणार, मी तुमच्या यजमानांच्या मरणावर हसलो, मला क्षमा करा. त्या माऊलीने काय करायचं? आपलं रडणं बाजूला ठेवून यांची समजूत घालायची? आपलं ओझं त्या उंबऱ्यावर नेऊन टाकायचं नसतं. जायचंच तर काहीतरी द्यायला जावं.

तिसऱ्या भेटीत काकांना ते सापडलं होतं. फाईलच्या तळाशी एक जुनं कात्रण, २९ फेब्रुवारी १९९६च्या आठवणींचं. स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमवर विश्वचषकात केनियाने अवघ्या १६६ धावा करून वेस्ट इंडीजला ९३मध्ये गुंडाळलं, तो सामना. सदरकारांनी लिहिलं होतं की लाराचा झेल यष्टिरक्षकाच्या हातात बसला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाने त्यांना मिठी मारली होती. काकाही त्या दिवशी बँकेत पोटदुखीचं कारण सांगून स्टेडियमवरच होते. मिठी मारणारे ते नव्हते, बसायची जागा वेगळी होती. पण आपण दोघे एकाच वेळी एकाच गोष्टीवर ओरडलो होतो, हे त्यांना सांगावंसं वाटत होतं.

त्यांनी त्या कात्रणाची झेरॉक्स काढली आणि सोबत पाच ओळींचं पत्र लिहिलं. मीही त्या सामन्याला होतो. पुढे त्यांच्याशी माझे बरेच मतभेद झाले. त्यांचं सदर मी एकदाही चुकवलं नाही. क्षमेचा शब्द नाही, उत्तराची अपेक्षा नाही. पोस्टाने त्या घरी पाठवून दिलं.

काकूंशी मी वेगळं बोलले. “विसरा आता” हे म्हणू नका, फाईल माळ्यावर टाकू नका आणि मंगळवारी सकाळी शक्य असेल तर त्यांच्याजवळ बसा. काकांची झोप तिसऱ्या आठवड्यात रुळावर आली. दोन-तीन आठवड्यांनंतरही झोप-भूक जागेवर येत नसेल किंवा घरात चिडचिड वाढतच चालली असेल, तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवते. जगणं नकोसं वाटत असेल तर तेवढीही वाट बघू नये. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथे मराठीतूनही बोलता येतं.

कट्ट्यावर काका महिन्याभराने गेले. चहा येण्याआधी म्हणाले, “मी त्या दिवशी हसलो, ते मला फार खुपलं.” श्रद्धांजलीवाले विषय बदलायला लागले. ज्याने “मंगळवार सुटला” म्हटलं होतं तो ग्लास हातात फिरवत राहिला आणि म्हणाला, “मला पण रे.” बाकीचे दोघे अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

मंगळवारच्या त्या जागेवर आता दुसरा कुणी लिहितो. शेवटच्या भेटीत काकांनी त्याचं पहिलं कात्रण मला दाखवलं. लाल पेन सोबत आणलं होतं, पण रेघ कुठेच नव्हती. “आकडे बरोबर आहेत, भाषा बरी आहे,” ते म्हणाले. “पण ह्याच्याशी भांडावं असं काही सापडेना.” घडी घालून त्यांनी ते फाईलमध्ये ठेवलं आणि दोरी बांधली.