नुसत्या नावाने हाक

प्रश्न : माझा मुलगा शिकायला आइसलँडला गेलाय. तिथे प्राध्यापकांनाही नुसत्या नावाने, एकेरीत हाक मारतात म्हणे, आणि आता त्यालाही तीच सवय लागली आहे. तुम्ही तिथे राहून आलात म्हणून विचारते. तिथे मोठ्यांचा मान ठेवत नाहीत का?

उत्तर : ताई, ठेवतात. राजधानी रेक्याविकमध्ये पहिले आठ दिवस मीही याच शंकेने अवघडून होतो. त्यांच्या भाषेत ‘तू’ला ‘थू’ आहे, तसं आदराचं ‘थ्येर’ही आहे, पण ते आता बोलण्यातून जवळजवळ गेलंय.

नावाचं म्हणाल, तर बहुतेकांना आडनावच नसतं. योनचा मुलगा ओलाफुर योनसन, आणि त्या ओलाफुरची मुलगी आन्ना ओलाफ्सदोत्तिर. कुणी आईचंही नाव लावतं. लग्नानंतर बाई नाव बदलत नाही. मी खोली घेतली होती त्या घराच्या दारावर चार वेगवेगळी नावं होती, मला वाटलं चार भाडेकरू असतील. निघाले आई, वडील, मुलगा, मुलगी! टेलिफोनची यादीसुद्धा पहिल्या नावानेच लावलेली असे. विग्दिस फिनबोगादोत्तिर १९८० मध्ये निवडून आल्या आणि १६ वर्षं राष्ट्राध्यक्ष होत्या. लोकांनी मतदानाने निवडलेल्या जगातल्या त्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. त्यांनाही सगळा देश ‘विग्दिस’च म्हणतो. ‘फिनबोगादोत्तिर’ म्हणजे फिनबोगीची मुलगी. तशी हाक मारली, तर बाईचं स्वतःचं नाव बाजूला राहून वडिलांचंच नाव घेतल्यासारखं होतं. मला हे फार पटलं.

मग मान दिसतो कुठे? मला तो पोहण्याच्या तलावावर दिसला. जमिनीखालच्या गरम पाण्यावर चालणारे हे तलाव उघड्यावर असतात, शेजारी गरम पाण्याची छोटी कुंडं. संध्याकाळी गळ्यापर्यंत पाण्यात बसून लोक गप्पा मारतात. आमच्या कुंडात सत्तरी ओलांडलेले एक आजोबा रोज यायचे. एकदा दहा-बारा वर्षांचा एक मुलगा पाण्यात उतरला, त्यांचं नुसतं नाव घेतलं आणि म्हणाला, ‘ताक् फिरिर सीदास्त’. म्हणजे, मागच्या भेटीबद्दल आभार. आधी कधी एकत्र वेळ घालवला असेल, तर पुढच्या भेटीत तिथे असं म्हणतात. आजोबा सरकले आणि त्याला शेजारी जागा दिली.

तुमच्या मुलाला हे वाक्य येतं का, फोनवर जरूर विचारा.