जमिनीला काच असते का?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला शिकवतो. जमिनीखालचे थर दाखवायला काचेच्या बरणीत वाळू, माती, खडी भरून ठेवली. मुलांनी पटापट थर मोजले. मग एकानं विचारलं, "सर, जमिनीला काच असते का?" खाली काय आहे ते भूवैज्ञानिक न बघता कसं ओळखतात, हे मुलांच्या हातून करून घेता येईल का?
– एक शिक्षक, ता. पाटण, जि. सातारा

उत्तर : सर, त्या पोराला माझ्यातर्फे एक पेन्सिल बक्षीस द्या. माझी सगळी नोकरी त्या नसलेल्या काचेपायी बोअरच्या गाडीमागं धूळ खाण्यात गेली.

बरणी ठेवून द्या. मिठाईचा पुठ्ठ्याचा खोका घ्या. शाडू, शेतातली काळी माती आणि तांबडी माती वेगवेगळी मळा, चपातीच्या कणकेइतकी मऊ. खोक्याच्या एका बाजूला तळाशी चपटा दगड ठेवा, म्हणजे थर तिरके बसतील. एखादा थर अर्ध्यातच संपवा. तांबडा मात्र दोनदा घाला, एकदा खाली, एकदा वर. शेवटी सगळ्यावर काळी माती थापा. हे तुम्ही एकट्यानं करायचं, मुलांना दिसता कामा नये.

आता पारदर्शक बॉलपेनची रिकामी नळी, दोन्ही टोकं उघडी. तेलाचं बोट फिरवून ती सरळ खाली दाबायची, हलकेच पिरगाळून वर काढायची. काडीला कापूस गुंडाळून आतली माती मागून ढकलली की छोटी कांडी बाहेर येते. खऱ्या बोअरमधून निघणाऱ्या अशा कांडीला आम्ही कोअर म्हणतो. मुलांनी ती पट्टीशेजारी ठेवून मोजावी: काळी इतकी, तांबडी इतकी. एखादी कांडी मधेच तुटेल, थोडी नळीतच राहील. तेवढी जागा वहीत मोकळी सोडायला सांगा. आमच्या कोअरच्या पेट्यांतही अशा ठिकाणी लाकडाचा ठोकळा ठेवतात.

आधी दोनच भोकं पाडू द्या, खोक्याच्या दोन टोकांना, आणि त्यांवरून आतलं चित्र काढायला लावा. मग तिसरं, बरोबर मध्ये. इथं वर्गात गोंधळ होईल, तो होऊ द्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. दोन बोअरमध्ये जवळपास सारख्याच खोलीवर गेरूसारखा तांबडा थर लागला. मी ऐटीत पट्टीनं रेघ ओढली, थर एकच म्हणून. साहेब काही बोलले नाहीत. मधलं तिसरं बोअर झालं, तर त्या खोलीवर नुसता काळा पाषाण! तांबडे थर दोन निराळे होते. आपल्याकडे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हा एकदाच नव्हे, पुन्हा पुन्हा वाहिला आणि थिजून हा काळा पाषाण झाला. दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात वरचा दगड झिजून त्याची तांबडी माती व्हायची, तिच्यावर पुढचा लाव्हा पसरायचा. त्यामुळे असे थर एकाखाली एक कितीतरी सापडतात.

गावात बोअरची गाडी आली तर संधी सोडू नका. मुलांना लांब उभं करा. आवाज आणि धूळ दोन्ही वाईट. चालकाला विनंती करून प्रत्येक रॉडमागं मूठभर भुकटी मागून घ्या. काडेपेट्यांत भरा, वर खोली लिहा, ओळीनं मांडा. पाण्यासाठीच्या या बोअरमधून कांडी निघत नाही, चुराच निघतो. पण राखाडी कुठं संपली, तांबूस कुठं लागली, हे पोरांना बरोबर दिसतं.

तुमच्या तालुक्याची गोष्टही सांगाच. 11 डिसेंबर 1967 चा भूकंप मुलांच्या आजी-आजोबांना आठवत असेल. कोयनेचे भूकंप समजून घेण्यासाठी गोठणे इथं शास्त्रज्ञांनी तब्बल 3 किलोमीटर खोल छिद्र घेतलं. साधारण सव्वा किलोमीटर नुसता काळा पाषाण, मग त्याखाली ग्रॅनाइटच्या जातीचा, त्याहून कितीतरी जुना खडक.

शेवटी खोका सुरीनं उभा कापून चित्रांशी ताडून बघा. मात्र दोन खोके करा आणि दुसरा कधीच कापू नका. आम्हाला कुठं कापायला मिळतं? मुलं हट्ट धरतील. खोका कपाटात ठेवा आणि किल्ली खिशात, नाहीतर मधल्या सुट्टीत तो पेन्सिलवालाच खणून मोकळा होईल.