एव्हरेस्टच्या माथ्यावर समुद्राचा तळ

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुक्तिनाथला जाऊन आलो, येताना आईच्या देवघरासाठी काली गंडकीतला शाळिग्राम आणला. जीपवाला म्हणाला की समुद्रातले असे प्राणी एव्हरेस्टच्या टोकावरच्या दगडात पण आहेत. खरंय का हे? तेवढ्या उंचीपर्यंत पाणी होतं का कधी? आणि मग आपल्या सह्याद्रीत का नाही सापडत?
– एक वाचक, सातारा

उत्तर: जीपवाला बरोबर बोलला, पण पाणी कधीच तेवढं वर चढलं नव्हतं हो, समुद्राचा तळच वर आलाय. भारताचा भूखंड उत्तरेला सरकत सरकत साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला जाऊन भिडला, मधे टेथिस समुद्र होता, त्याच्या तळाशी करोडो वर्षं साचलेला गाळ दाबला गेला, दुमडला आणि उचलला गेला, तो हिमालय.

एव्हरेस्टचं शेवटचं टोक, म्हणजे ८८४८ मीटरवरचा तो दगड, करडा चुनखडक आहे, ४५ कोटी वर्षांहून जुना. त्यात ट्रायलोबाइट आणि क्रिनॉइड या समुद्री प्राण्यांचे तुकडे सापडतात, पण अख्खा शंख हातात येईल असं समजू नका, बारीक चुरा असतो, दगडाचा पातळ काप करून मायक्रोस्कोपखाली धरावा लागतो. त्याच्याखाली पिवळा पट्टा लागतो, यलो बँड म्हणतात गिर्यारोहक त्याला, नेपाळच्या बाजूने चढणारे साउथ कोलच्या, म्हणजे शिखराखालच्या खिंडीच्या, आधी तो ओलांडतात. तोही मुळात चुनखडकच, पण खोलवर दाबाने आणि उष्णतेने त्याचा संगमरवर झालाय. अजून खाली गेलात की दगड इतके तापून बदललेत की जीवाश्म टिकायचा प्रश्नच नाही, आणि मधेमधे ग्रॅनाइट घुसलाय.

आता मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो. तुमच्या आईचा शाळिग्राम म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्याचा जीवाश्म, आतली चक्रं ही त्या प्राण्याच्या शंखाची वेटोळी, वय साधारण १५ कोटी वर्षं. म्हणजे नदीत सापडलेला शाळिग्राम तरुण आणि एव्हरेस्टचं टोक त्याच्या तिप्पट म्हातारं! उलटं वाटतं ना? खरं तर टेथिसच्या थरांत तो चुनखडक तळाकडचा, शाळिग्राम ज्यात सापडतो तो काळा शेल, म्हणजे चिखलाचा घट्ट झालेला दगड, त्याच्या बराच वरचा, पण एव्हरेस्टवरचे वरचे थर झिजून निघून गेले आणि जुना दगड उघडा पडला. त्या चुनखडकाच्या काळात अमोनाइट जन्मालाच आले नव्हते, म्हणून शिखरावर शाळिग्राम शोधून मिळणार नाही.

सह्याद्रीचं सोपं आहे. तो लाव्हाचा, ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास थरावर थर ओतत गेलेला बसाल्ट, साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या कड्यांत ज्या पायऱ्या दिसतात ना तेच ते थर. उकळत्या लाव्हात काय टिकणार? दोन थरांच्या मधे तळी साचली होती, त्या गाळात काही ठिकाणी गोड्या पाण्यातल्या गोगलगायी मिळतात, विदर्भाकडे जास्त.