स्वादुपिंडाच्या कर्करोगावर तीन टार्गेटेड औषधं एकत्र देतात म्हणे. वडिलांना त्यातलं एक सुरू करावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांचा स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतात पसरलाय. स्पेनमध्ये तीन औषधांनी गाठी पूर्ण गेल्याची बातमी तुम्ही वाचली. त्यातलं ॲफॅटिनिब आपल्याकडे मिळतं, तर निदान तेवढं तरी सुरू करावं का? नको, करू नका. कारण सांगतो, आणि त्याऐवजी याच आठवड्यात काय करायला हवं तेही सांगतो.

ते काम माद्रिदच्या मारियानो बार्बासिद यांच्या प्रयोगशाळेतलं आहे आणि उंदरांवरचं आहे. या कर्करोगात नव्वद टक्क्यांहून जास्त रुग्णांत के-रास नावाचं जनुक बिघडलेलं असतं, त्यामुळे पेशीला वाढायचा निरोप अखंड मिळत राहतो. डारॅक्सोनरॅसिब हे औषध थेट रासलाच अडवतं. पण तो रस्ता बंद झाला की पेशी आडवाटा शोधते. रासच्या वरच्या अंगाला, पेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा निरोप घेणाऱ्या ईजीएफआर या प्रथिनांच्या कुटुंबाची वाट ॲफॅटिनिबने अडवली आणि स्टॅट3 या प्रथिनाची वाट एसडी36 ने. तिन्ही एकदम बंद केल्यावर उंदरांमधल्या गाठी विरल्या आणि 200 हून जास्त दिवस परत आल्या नाहीत. काम खरोखर मोलाचं आहे. पण एसडी36 हे प्रयोगशाळेत वापरायचं रसायन आहे, माणसाला द्यायचं औषध नाही. डारॅक्सोनरॅसिबला जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने 'ब्रेकथ्रू' दर्जा (आशादायक औषधाची तपासणी लवकर व्हावी म्हणून दिलेला) दिला आणि दुसऱ्या फळीचा उपचार म्हणून त्याची केमोथेरपीशी तुलना करणारी तिसऱ्या टप्प्याची चाचणी हाती घेतली गेली. तेही दुकानातून आणून सुरू करायचं औषध नव्हे.

मग तुमच्या हाती उरतं एकटं ॲफॅटिनिब. म्हणजे मुख्य दरवाजा सताड उघडा आणि खिडकीला कडी. जर्मनीत जेमसिटाबिन या केमोच्या औषधाबरोबर ॲफॅटिनिब देऊन पाहिलंय: आयुष्य वाढलं नाही, जुलाब आणि पुरळ मात्र वाढले. त्याच जातीचं एर्लोटिनिब 569 रुग्णांच्या चाचणीत 'यशस्वी' ठरलं होतं. तिथे मध्यक आयुष्य (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) 5.91 महिन्यांवरून 6.24 महिन्यांवर गेलं, म्हणजे दहाएक दिवस.

दोन औषधं जोडली की परिणाम दुप्पट होतो, हाही गैरसमज आहे. एमईके आणि एकेटी या पेशीतल्या निरोपाच्या दोन वाटा एकदम अडवणारी जोडी अमेरिकेत रुग्णांना देऊन पाहिली होती. कागदावर ती अगदी पटण्यासारखी होती. प्रत्यक्षात त्या गटाचं मध्यक आयुष्य 3.9 महिने आणि साध्या केमोच्या गटाचं 6.7 महिने निघालं. निरोगी त्वचा आणि आतडंही याच वाटांवर जगतात, त्यामुळे दोन्ही औषधांचे त्रास एकमेकांवर चढतात, डोस कमी करावा लागतो, मध्येच थांबवावा लागतो, आणि गाठीपर्यंत पुरेसं औषध पोचतच नाही. जोडी ठरवताना मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो: दोन्ही औषधं पूर्ण डोसमध्ये माणसाला सोसतील का?

आता कामाचं. पहिली गोष्ट, रक्तातून आनुवंशिक तपासणी: बीआरसीए1, बीआरसीए2, पीएएलबी2, एटीएम वगैरे जनुकांची. घराण्यात कुणाला कर्करोग नसला तरी करायची. बीआरसीए किंवा पीएएलबी2 मध्ये दोष निघाला तर डॉक्टर प्लॅटिनम असलेली केमो निवडतात. बीआरसीएचा दोष असेल आणि त्या केमोवर किमान 16 आठवडे आजार वाढला नाही, तर पुढे ओलापॅरिब ही गोळी 300 मिग्रॅ दिवसातून दोनदा देता येतं. पोलो नावाच्या चाचणीत तिने आजार थोपवण्याचा काळ 3.8 वरून 7.4 महिन्यांवर नेला. एकूण आयुष्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. दोष सापडलाच तर तुम्हा भावंडांचीही तपासणी लागेल.

दुसरी, गाठीच्या तुकड्याची एनजीएस, म्हणजे अनेक जनुकं एकदम वाचणारी तपासणी. इथे हमखास घोळ होतो. या गाठीत तंतुमय ऊती जास्त आणि कर्कपेशी विरळ असतात, त्यामुळे बारीक सुईने नुसता द्राव ओढला तर 'नमुना अपुरा' असा शेरा येतो. बायोप्सी अजून व्हायची असेल तर एंडोस्कोपिक सोनोग्राफीतून कोअर (ऊतीचा सलग बारीक तुकडा) घ्यायला सांगा, किंवा यकृतातल्या गाठीतून. झाली असेल तर पॅथॉलॉजीतून गाठीचा तुकडा जपलेला मेणाचा ब्लॉक ताब्यात घ्या, स्लाइड पुरत नाहीत. तरीही जमलं नाही तर रक्तातल्या गाठीच्या डीएनएची तपासणी करतात, पण तिच्यात काही सापडलं नाही म्हणून दोष नाहीच असं धरू नका.

अहवालात के-रासपुढे काय लिहिलंय ते बघा. के-रासमधल्या बिघाडाचे प्रकार असे लिहितात: जी12डी सर्वांत जास्त आढळतं. जी12सी शंभरात एक-दोघांतच, आणि त्यावर सोटोरासिब या औषधाने 38 पैकी सुमारे एकपंचमांश रुग्णांत गाठ आक्रसली. के-रास निर्दोष असेल तर आनंदाने गप्प बसू नका. आरएनए तपासणी मागा, कारण एनआरजी1, एनटीआरके, आरईटी या जनुकांचे जोड (दुसऱ्या जनुकाला चिकटलेले तुकडे) अशाच रुग्णांत सापडतात आणि त्यांवर औषधं आहेत. फार क्वचित बीआरएएफ जनुकातला व्ही600ई हा दोष निघतो. तिथे टार्गेटेड औषधांची खरीखुरी मान्य जोडी आहे: डॅब्राफेनिब 150 मिग्रॅ दोनदा आणि ट्रॅमेटिनिब 2 मिग्रॅ एकदा, दोन्ही रिकाम्या पोटी, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. अमेरिकेत 2022 पासून ती अवयव न पाहता, पूर्वीचा उपचार पुरा पडला नसेल तर, या दोषावर चालते. सुरू करण्याआधी इको (हृदयाची सोनोग्राफी), महिन्याने पुन्हा. ताप 38 अंशांवर गेला की दोन्ही गोळ्या थांबवून डॉक्टरांना फोन. नजर धूसर झाली तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

घरातल्या गोळ्यांची यादी प्रत्येक भेटीत दाखवा. या रुग्णांना बहुधा पॅन्टोप्राझोल (ॲसिडिटीची गोळी) चालू असतं. त्याने सोटोरासिब आणि एर्लोटिनिबचं शोषण घटतं. तोंड आलं म्हणून कुणी फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध दिलं तर ओलापॅरिबची रक्तातली पातळी चढते आणि डोस 150 मिग्रॅ दोनदा इतका उतरवावा लागतो. स्वादुपिंडाच्या एन्झाइमच्या कॅप्सूल मात्र सोडू नका. त्या जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. जेवण झाल्यावर घेतल्या तर चरबी पचत नाही, वजन उतरतं.

वजन सांभाळणं नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेण्यासाठीही लागतं. बहुतेक चाचण्यांत चालता-फिरता रुग्णच घेतात आणि बिलिरुबिन (काविळीत वाढणारा रक्तातला घटक) जवळपास सामान्य असावं लागतं. कावीळ असेल तर आधी स्टेंट, म्हणजे पित्तनलिका मोकळी करणारी नळी. भारतातल्या चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर शोधता येतात. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आणि नवी मुंबईत खारघरचं ॲक्ट्रेक (टाटाचंच संशोधन केंद्र) इथे विचारा. जाताना एनजीएसचा पूर्ण अहवाल, मेणाचा ब्लॉक आणि सीटी स्कॅनची सीडी सोबत न्या. आणि या सगळ्यासाठी केमो थांबवू नका, ती आधी सुरू होऊ द्या.